चळवळीच्या घरांतून आलेली नटी

दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांस एकहि स्त्री मिळाली नाहीं. कुलीन घरांतील स्त्रियांचें तर नांवच नको. परंतु ज्या स्त्रियांना समाजानें आधींच वाळींत टाकलें होतें, त्यांनींहि ह्या नव्या धंद्याकडे पाठ फिरविली. शेवटीं खानावळींत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवून फाळक्यांनीं आपली तारामती उभी केली. त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर' ह्या त्यांच्या पुढील चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्या मायलेकी पडद्यावर आल्या. म्हणजे आमच्याकडील नटीच्या इतिहासाचा आरंभ नटीच्या अभावापासून झाला आहे, हें विसरून चालणार नाहीं.

पुढील तीस-चाळीस वर्षें ह्या इतिहासांत एकच प्रश्न निरनिराळे वेष घेऊन फिरत राहिला. चित्रपटांत काम करणारी स्त्री संभावित असूं शकते काय? दुर्गाबाई खोटे ह्यांनीं १९३१ सालीं 'फरेबी जाल' ह्या चित्रपटांत एक लहानसें काम केलें, एवढ्यावरून केवढा लोकापवाद उठला! पुढील वर्षीं 'अयोध्येचा राजा' मधील त्यांच्या तारामतीनें तो शमविला खरा. पण त्या पहिल्या प्रसंगाचा व्रण त्यांच्या आत्मचरित्रांतहि स्पष्ट दिसतो. शांता आपटे ह्यांची तऱ्हा निराळी. 'कुंकू' (१९३७) मध्यें जरठाशीं झालेलें लग्न नाकारणारी नीरा त्यांनीं रंगविली, आणि दोनच वर्षांनीं, १९३९ सालीं, पुण्यास प्रभात चित्रसंस्थेच्या दाराशीं बसून त्यांनीं उपोषण केलें. करार, वेतन आणि वागणूक ह्यांविषयीं नटीनें केलेला असा उघड सत्याग्रह तोंपर्यंत कोणी पाहिला नव्हता. 'जाऊं मी सिनेमांत?' हें त्यांचें पुस्तक १९४० सालचें. त्यांत ह्या धंद्याकडे त्यांनीं मोहमयी नगरी म्हणून न पाहतां कारखाना म्हणून पाहिलें आहे.

हीच वेळ सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंतहि आली होती, हें सांगितल्यास विषयांतर होणार नाहीं. फ्रेडी वॉशिंग्टन नांवाची एक कृष्णवर्णीय अभिनेत्री १९३४ सालच्या 'इमिटेशन ऑफ लाइफ' ह्या चित्रपटांत गाजली. तिचा वर्ण इतका उजळ कीं तिनें मनांत आणलें असतें तर गोरी म्हणून ती सहज खपून गेली असती. चित्रपटांतील तिची पिओला नेमकें तेंच करते. आईला नाकारून गोऱ्यांत मिसळूं पाहते. स्वतः फ्रेडीनें मात्र प्रत्यक्ष जीवनांत तें कटाक्षानें नाकारलें, आणि १९३७ सालीं कृष्णवर्णीय नटनटींचा 'नीग्रो ॲक्टर्स गिल्ड' नांवाचा संघ स्थापण्यांत पुढाकार घेतला. पुढें न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या एका वृत्तपत्रांत नाट्यविषयक लेखन करून तिनें आपल्या लोकांची बाजू मांडली. पडद्यावर तिला मनाजोगें काम पुन्हा फारसें मिळालें नाहीं. ज्या महाराष्ट्रांत जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली, आणि ज्या महाराष्ट्रांत १९७२ सालीं दलित पँथरनें आपलें नांव तिकडील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलें, त्या महाराष्ट्रास ही कथा परकी वाटूं नये.

फ्रेडी काय, शांताबाई काय, ह्या स्त्रिया आधीं नटी झाल्या आणि नटी म्हणून जें सोसावें लागलें त्यांतून सार्वजनिक प्रश्नांकडे वळल्या. स्मिता पाटील ह्या मात्र उलट्या दिशेनें चालत आल्या. त्यांच्याविषयीं आजवर जें उदंड लिहिलें गेलें, त्यांत त्यांच्या डोळ्यांचें, आवाजाचें आणि अकालमृत्यूचें वर्णन पुष्कळ आढळतें; त्या कोठून आल्या ह्याचा विचार त्या मानानें थोडा. आणि आमच्या मतें त्यांच्या अभिनयाची किल्ली तेथेंच आहे.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यांत झाला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशांतील शिरपूरचे. स्वातंत्र्यलढ्यांत भाग घेतलेले, समाजवादी चळवळींत वाढलेले, आणि पुढें राज्याचे मंत्री झालेले गृहस्थ. आई विद्याताई ह्या परिचारिकेचें काम करून संसार आणि समाजकार्य ह्या दोन्हींचा भार वाहणाऱ्या. ह्या घरावर राष्ट्र सेवा दलाचें छत्र होतें. १९४१ सालीं एस्. एम्. जोशी ह्यांच्या नेतृत्वाखालीं नव्यानें उभ्या राहिलेल्या ह्या संघटनेचें वैशिष्ट्य असें, कीं तिनें शाखेच्या मैदानाइतकेंच महत्त्व कलापथकाच्या मंचाला दिलें. पोवाडा, लोकनाट्य, समूहगीत हीं तिचीं शस्त्रें. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे पुढें लोकप्रिय झालेले नट ह्याच कलापथकाच्या मुशींतून निघाले. जातपात न मानणें, खेड्यांत जाऊन राहणें, मुलामुलींनीं बरोबरीनें काम करणें, ह्या गोष्टी तेथें शिकविल्या जात नसत. त्या तेथील हवेंतच असत. अशा हवेंत वाढलेल्या मुलीला नटीच्या संभावितपणाचा प्रश्न पडण्याचें कारणच उरलें नाहीं. मंचावर उभें राहणें हें तिच्या घरीं लोकांशीं बोलण्याचें एक साधन होतें.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि कांहीं काळानें स्मिताबाई तेथें मराठी बातम्या देऊं लागल्या. पायांत जीन्स तशीच ठेवून त्या वर साडी गुंडाळीत व कॅमेऱ्यापुढें बसत, असें सांगतात. श्याम बेनेगलांनीं त्यांना हेरलें. 'चरणदास चोर' व 'निशांत' (दोन्ही १९७५) हे चित्रपट झाले, आणि मग मार्ग खुला झाला. हा भाग सर्वांस ठाऊक आहे.

तितका ठाऊक नसलेला भाग आमच्या इकडचा आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानें भिजणारा बारामती व इंदापूर हा प्रदेश, आणि त्याला लागून असलेला दौंड तालुका. दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणारे डॉ. जब्बार पटेल ह्यांनीं आपला पहिला चित्रपट काढला तो 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे निर्माते. १९७५ सालीं तो बर्लिनच्या महोत्सवांत गेला. एक साखरसम्राट, त्याच्या वाड्यावर आलेला एक मद्यपी मास्तर, आणि मारुती कांबळे नांवाच्या माणसाचें पुढें काय झालें हा एकच प्रश्न, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या भोंग्यांवर ज्यांचें घड्याळ लागतें, त्या मुलखांतील प्रेक्षकाला हिंदुराव पाटील कोण हें समजावून सांगावें लागत नाहीं. हिंदुराव रंगविला निळू फुल्यांनीं, म्हणजे सेवा दलाच्याच माणसानें. आणि त्यांत एका लहान भूमिकेंत स्मिताबाई आहेत. ज्यांचे वडील सहकारी साखर कारखानदारीच्या उभारणींत होते, त्या मुलीनें ह्या चित्रपटांत असावें ह्यांत विसंगति आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें वास्तू बांधली त्याच्याच घरच्यांनीं तिच्यांतील अंधार दाखविणें हें सेवा दलाच्या शिकवणीस धरूनच होतें.

तथापि 'सामना' मध्यें एक उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे. ऊस तोडणारी बाई त्यांत जवळजवळ नाहींच. दर वर्षीं बीडकडून गाड्या भरभरून येणाऱ्या टोळ्या ह्या प्रदेशानें पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. त्यांच्या हिशेबांत 'एक कोयता' म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल पुरुषाच्या नांवावर, आणि बाईचें नांव वहींत येण्याची रीत नाहीं. कष्ट करणाऱ्या ह्या बिननांवाच्या बाईला चेहरा देणें, हेंच पुढील दहा वर्षें स्मिताबाईंचें काम होऊन बसलें. 'मंथन' (१९७६) मधील बिंदू घ्या. गुजरातेंतील पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकी दोन रुपये देऊन हा चित्रपट उभा केला. चित्रीकरणाच्या वेळीं नायिका पाहण्यास आलेल्या कॉलेजच्या मुलांना ती सांपडेना, कारण ती गांवच्या बायकांत बसली होती, ही आख्यायिका अनेकांनीं सांगितली आहे. 'जैत रे जैत' (१९७७) मधील ठाकराची चिंधी ही दुसरी, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनीं तो चित्रपट केला. सत्यजित राय ह्यांच्या 'सद्‌गति' (१९८१) मधील झुरिया ही तिसरी. ब्राह्मणाच्या दारांत वेठीनें मेलेल्या चांभार नवऱ्याच्या प्रेतापाशीं पावसांत बसून ती जो आकांत करते, तो ज्यांनीं पाहिला ते विसरले नसतील.

१९७७ सालीं आलेल्या 'भूमिका' ह्या चित्रपटाला आमच्या दृष्टीनें विशेष अर्थ आहे, कारण त्यांत एका पिढीची नटी दुसऱ्या पिढीच्या नटीस भेटते. हंसा वाडकर ह्यांच्या 'सांगत्ये ऐका' ह्या १९७० सालच्या आत्मकथनावर तो आधारलेला. लहानपणींच पोटासाठीं स्टुडिओंत ढकललेली, नवऱ्यानें मिळकतीचें साधन म्हणून राबविलेली, घर शोधीत दारोदार फिरलेली ती स्त्री. हंसाबाईंना जें निवडतां आलें नाहीं, तें सर्व स्मिताबाईंना निवडतां आलें होतें. तरीहि त्या भूमिकेंत दयेचा लवलेश नाहीं. आहे तो केवळ एका कामकरी बाईनें दुसरीला दिलेला मान. ह्या भूमिकेला उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराची रक्कम त्यांनीं समाजकार्यास देऊन टाकली.

आतां 'चक्र'. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज ह्यांनीं केलेला हा चित्रपट १९८१ सालीं लागला. झोपडपट्टींतली अम्मा, तिचा वयांत येणारा मुलगा, आणि शेवटीं झोपड्यांवर येणारें यंत्र. ह्या भूमिकेची तयारी करतांना स्मिताबाई मुंबईच्या झोपडवस्त्यांतून हिंडल्या होत्या. योगायोग असा, कीं त्याच १९८१ च्या जुलै महिन्यांत ऐन पावसाळ्यांत मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांना हुसकावून लावण्याची मोहीम सरकारनें हातीं घेतली. तिच्याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि १० जुलै १९८५ रोजीं निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे, असें तत्त्व न्यायालयानें मान्य केलें. आणि मग रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्यास मोकळीकहि दिली. तत्त्व गरिबाला आणि जागा पालिकेला, अशी ही वांटणी झाली! 'चक्र' मधील शेवट ज्यांनीं पाहिला होता, त्यांना तिचें आश्चर्य वाटलें नसेल.

ह्याच चित्रपटावरून स्मिताबाईंना मोठा मनस्ताप सोसावा लागला. झोपडपट्टींतील बाई उघड्यावर, नळापाशीं न्हाते, असा एक प्रसंग त्यांत आहे. जिच्या घराला न्हाणी नाहीं तिनें न्हावें तरी कोठें, हा त्या प्रसंगाचा सारा आशय. वितरकांनीं नेमकें तेवढेंच दृश्य उचलून जाहिरातीच्या मोठमोठ्या फलकांवर रंगविलें. स्त्रीसंघटनांनीं त्यावर हरकत घेतली, आणि ती योग्यच होती. स्मिताबाईंनीं त्या प्रसंगाचें समर्थन केलें, जाहिरातीचा मात्र उघड निषेध केला. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें मान्य करण्याची तयारी तेव्हां थोड्यांचीच होती. नटीचा देह तिच्या हेतूपासून तोडून विकतां येतो, आणि तें करणाऱ्याला तिची परवानगी लागत नाहीं. शांता आपट्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं ह्याच कारखान्याच्या दाराशीं उपोषण केलें होतें! 'चक्र' साठीं स्मिताबाईंना दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ह्या प्रश्नाचें उत्तर त्या पदकांत नव्हतें.

त्या काळीं मुंबईंत नव्या स्त्रीचळवळीचा जोर होता. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यांत झालेल्या बलात्काराच्या खटल्यांत, म्हणजे मथुरा प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलें. पुढील वर्षीं कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें. त्यांत वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर हे दोघे मराठी होते. १९८० सालीं मुंबईंत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. ह्याच लाटेंतून संकटांतील स्त्रियांस आधार देणारें स्त्रीकेंद्र मुंबईंत निघालें. स्मिताबाई त्या केंद्राच्या सभासद होत्या, आणि त्यांचें नांव तेथें केवळ शोभेपुरतें नव्हतें.

म्हणूनच 'उंबरठा' (१९८२) हा त्यांचा चित्रपट नुसता चित्रपट म्हणून पाहतां येत नाहीं. शांता निसळ ह्यांच्या 'बेघर' ह्या कादंबरीवरून तेंडुलकरांनीं पटकथा लिहिली व जब्बार पटेलांनीं दिग्दर्शन केलें. सुलभा महाजन ही सुखवस्तु घरांतील सून. नवरा वकील, सासू समाजकार्यांत नांवाजलेली. घरांत कशाला म्हणून उणें नाहीं. तिनेंहि फावल्या वेळीं थोडें समाजकार्य करावें ह्यास कोणाचीच हरकत नसते. तिला तें फावल्या वेळचें नको असतें. लहान मुलीला घरीं ठेवून ती परगांवच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होऊन जाते, आणि तेथें तिला दिसतें कीं आश्रम हा आश्रितांसाठीं नसून विश्वस्तांसाठीं आहे. आमदाराची नजर, समितीचे खोटे हिशेब, चौकशीचें नाटक, आणि शेवटीं राजीनामा. ती घरीं परतते तों नवऱ्याच्या आयुष्यांत दुसरी स्त्री आलेली असते, आणि हें तो तिला शांतपणें, जणूं एखादी सोय सांगावी तसें सांगतो. ती पुन्हा उंबरठा ओलांडते. ह्या सबंध चित्रपटांत स्मिताबाई मोठ्यानें बोलल्याचे प्रसंग हातांच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. सासूचें समाजकार्य आणि सुनेचें समाजकार्य ह्यांतील अंतर त्यांनीं केवळ चालण्याबसण्यांतून दाखविलें. हें अंतर त्यांना शोधावें लागलें नसावें. घर सांभाळून नोकरी आणि चळवळ करणारी आई त्यांनीं जवळून पाहिली होती, आणि सभेला येऊन हार घेऊन जाणाऱ्या बाईहि पाहिल्या असतील.

ह्या कीर्तीच्या भरांतच त्या धंदेवाईक हिंदी चित्रपटांकडे वळल्या. १९८२ सालीं 'नमकहलाल' व 'शक्ति' आले. पावसांत भिजत केलेल्या त्या नाचगाण्यानंतर त्या घरीं जाऊन रडल्या, असें सांगतात. खरेंखोटें कोण जाणें. ह्या वळणाबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांची कमतरता नव्हती. त्यांचें स्वतःचें म्हणणें असें, कीं पांच वर्षें मीं धंदेवाईक चित्रपट नाकारले, पण छोट्या चित्रपटवाल्यांनाच पुढें मोठीं नांवें हवीं झालीं आणि मला कामांतून वगळण्यांत आलें. तर मग मोठें नांव तरी कां मिळवूं नये? युक्तिवाद सडेतोड आहे. आम्हांस तो पूर्णपणें पटत नाहीं, कारण ऐंशींच्या घरांत गेलेल्या त्यांच्या चित्रपटांतील कित्येक, त्यांच्या नांवाखेरीज कोणत्याहि कारणानें आठवत नाहींत. परंतु हा दोष एकट्या त्यांचा खास नव्हे. ज्या चळवळीच्या चित्रपटांनीं शोषणाविषयीं इतकें सांगितलें, त्यांनीं आपल्या नटीला काय दिलें, हाहि हिशेब कधीं तरी मांडला पाहिजे.

राज बब्बर ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ते आधींच विवाहित होते, आणि 'उंबरठा' मधील सुलभेला आपली मानणाऱ्या अनेक स्त्रिया ह्यामुळें दुखावल्या. त्याची चर्चा त्या काळच्या नियतकालिकांनीं पोटभर केली आहे. येथें तिची पुनरुक्ति नको. इतकेंच म्हणूं, कीं भूमिकेवरून जिचा आदर केला तिला खाजगी जीवनांतहि त्याच भूमिकेनें बांधून ठेवणें, हा नटीवर समाजानें लादलेला फार जुना कर आहे. १९८५ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. २८ नोव्हेंबर १९८६ रोजीं त्यांना पुत्र झाला, आणि प्रसूतीनंतर उद्भवलेल्या विकारानें १३ डिसेंबरला मुंबईंत त्यांचें निधन झालें. वय अवघें एकतीस.

केतन मेहता ह्यांचा 'मिर्च मसाला' त्यानंतर, १९८७ सालीं, लागला. स्वराज्यापूर्वींच्या गुजरातेंतील एक खेडें. सोनबाईनें सुभेदाराच्या तोंडांत मारली आहे आणि ती मिरच्या कुटण्याच्या कारखान्यांत आश्रयास आली आहे. गांव म्हणतें, एक बाई देऊन टाका आणि गांव वांचवा. म्हातारा पहारेकरी दार उघडीत नाहीं आणि त्यापायीं मरतो. दार फुटतें, तेव्हां आंतल्या कामकरी बायका दोघी-दोघी मिळून तिखटाचीं ओझीं उचलतात आणि सुभेदाराच्या डोळ्यांत भिरकावतात. लाल धुरळा उडतो. सुभेदार गुडघ्यांवर येतो. त्याच्यासमोर सोनबाई उभी आहे, आणि तिच्या हातांत विळा आहे.